कुंपणवाडीचा वाडा

लंडनला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे तीन प्रश्न हमखास विचारतात. राजवाडा पाहिलात का, कोहिनूर पाहिलात का, आणि तिकडे पाण्याशिवाय माणसं कशी काय भागवतात. पहिल्या दोन प्रश्नांना मी ‘हो’ म्हणतो आणि तिसऱ्याच्या वेळी चहा मागवतो. पण लंडनात मी खरं काय पाहिलं, हे मला कुणी विचारत नाही. म्हणून ते लिहून ठेवतोय.

आमचे चिरंजीव हॅरोला असतात. हे वाक्य मी पुण्यात नेहमी इथेच थांबवतो. पुढचं ऐकणाऱ्याने समजून घ्यावं. कारण हॅरो म्हटलं की सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढे ती टेकडीवरची शाळा येते. पंडित नेहरू १९०५ ते १९०७ तिथे शिकले, त्यांच्या आधी चर्चिल शिकले. चिरंजीव त्या शाळेत शिकले नाहीत. ते त्या टेकडीच्या पायथ्याशी, मेट्रोपॉलिटन लाइनच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर, हप्त्यांवर घेतलेल्या घरात राहतात. या हॅरोत दर चार माणसांमागे एकाहून जास्त भारतीय वंशाचं आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात कढीपत्ता मिळतो, दुधी मिळतो, आणि दुकानदार गुजरातीत भाव सांगून इंग्रजीत सुट्टे मागतो. सौभाग्यवती तिथे पहिल्या दिवशीच रुळल्या. मी मात्र जरा अस्वस्थ होतो, आणि त्याचं कारण आमच्या बॅगेत होतं.

बॅगेत चिवडा, मेतकूट आणि गोडा मसाला यांच्याखाली एक संमतीपत्र होतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी आमच्या चुलतभावाने, म्हणजे दादांनी, ते आणून दिलं होतं. गावचा आमचा वाडा पाडून तिथे पाच मजली इमारत उठायची होती. हिस्सेदार सात. सहांच्या सह्या झाल्या होत्या. ‘तेवढं सहीचं बघ,’ दादा म्हणाले. आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात न वाचता एकाही कागदावर सही केली नाही, असं मी मुलांना सांगत आलो आहे. म्हणून मी म्हणालो, ‘वाचतो आणि करतो.’ वाचायचं राहून गेलं. विमान सुटलं. आता त्या कागदावर उच्चायुक्तालयात जाऊन, साहेबासमोर सही करून, शिक्का घेऊन तो परत धाडायचा होता. दर दोन दिवसांनी दादांचा फोन येई आणि दर दोन दिवसांनी मी वेळ मिळत नाही म्हणून सांगे. निवृत्त माणसाला मुलाच्या घरी वेळ मिळत नाही, यावर दादांचा विश्वास बसणं कठीणच होतं.

अशात एका शनिवारी नातवाच्या शाळेने गृहपाठ दिला, आपल्या भागातली सर्वांत जुनी वस्तू पाहा आणि तिचं चित्र काढा. सूनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, ‘वस्तू बाहेरची हवी ना?’ तेव्हा चिरंजीवांनी सुचवलं, ‘बाबा, याला हेडस्टोन मॅनरला घेऊन जा. चालत अर्धा तास.’

आता हेडस्टोन म्हणजे थडग्यावरचा दगड, एवढं इंग्रजी मला येतं. पाहुण्या बापाला सुट्टीच्या दिवशी थडग्याकडे पाठवणं काही बरं लक्षण नव्हे. पण हा घोळ नंतर मिटला. ते नाव मुळात थडग्याचं नाहीच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ कुंपण घातलेली वाडी. म्हणजे सरळ कुंपणवाडी! मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. लंडनचं काही खरं नाही, पण कुंपणवाडीत मी कुणाचाही पाहुणा म्हणून जाऊ शकतो.

‘मॅनर बघायला चाललाच आहात, तर येताना थोडे मॅनर्सही घेऊन या,’ असं म्हणत सौभाग्यवतीही चपला घालून निघाल्या.

पिनर व्ह्यू नावाचा लांबच लांब रस्ता आहे. दोन्ही बाजूंना एकाच साच्यातून काढल्यासारखी विटांची घरं, पुढे फुगीर खिडक्या, इवलीशी बाग. रस्ता संपता संपता बागेसारखं मैदान लागलं. पोरं फुटबॉल खेळत होती. पलीकडे झाडी, झाडीत पाणी, पाण्यात बदकं. ते पाणी म्हणजे खंदक. घराच्या चारी बाजूंनी खणलेला, आणि सातशे वर्षांनंतरही पाण्याने भरलेला. जुन्या मिडलसेक्स परगण्यात असा भरलेला, शाबूत खंदक हा एकच उरला आहे म्हणतात. मिडलसेक्स परगणा स्वतः मात्र १९६५ साली कारभारातून बाद झाला. परगणा गेला, खंदक राहिला. सरकारी कामात असं होतं, हे मी अधिकाराने सांगू शकतो.

खंदक म्हटला की मला शिवनेरी-रायगडच्या ओघात तोफा आणि सुरुंग आठवायला लागले. पण हा खंदक लढाईचा नव्हता. त्या काळी इंग्लंडात शेकड्यांनी घरांभोवती असे खंदक होते आणि त्यांतले पुष्कळसे निव्वळ ऐट म्हणून खणलेले होते. दारात मोटार उभी असली की शेजारी जसे जपून बोलतात, तसा हा खंदक. चोरचिलटं दूर राहत, सांडपाण्याची सोय होई आणि चार लोकांत मान वाढे.

पूल ओलांडून पुढे गेलो आणि माझा चेहरा पडला. समोर लाल विटांचं, साधंसुधं, एखाद्या पेन्शनर मामलेदाराने बांधावं तसं घर! सातशे वर्षांचं म्हणे! ‘हे तर आपल्या डेक्कनच्या जुन्या बंगल्यांसारखंच आहे,’ सौभाग्यवती म्हणाल्या. नातवाने पेन्सिल खिशात ठेवली आणि तो बदकांकडे वळला.

एका वयस्क बाईंनी आम्हाला वाचवलं. तिथे काम करणाऱ्या स्वयंसेवकांपैकी त्या एक. पांढरे केस, गळ्यात ओळखपत्र, आणि घर आपल्याच आजोबांनी बांधलं असावं अशा थाटात बोलणं. त्या म्हणाल्या, ‘विटांकडे बघू नका. ते वरचं जाकीट आहे. अठराव्या शतकात लाकडी घरं गावंढळ वाटायला लागली, म्हणून पुढून विटांचा पडदा चढवला. आत या आणि वर बघा.’

आत गेलो आणि वर पाहिलं. डोक्यावर ओकच्या काळ्याभोर तुळया होत्या. मांडीएवढ्या जाड, कुठे वाकलेल्या, कुठे एकमेकींत घट्ट रुतलेल्या. ‘सन १३१०,’ बाई म्हणाल्या.

मी मनातल्या मनात हिशेब मांडला. १३१० म्हणजे ज्ञानेश्वरांच्या समाधीला चौदा वर्षं झाली होती. देवगिरीच्या गादीवर रामदेवराव यादव शेवटच्या घटका मोजत होते. त्या वेळी इथे कुणीतरी सुतार या तुळईवर रंधा मारत होता, आणि ती तुळई अजून ड्यूटीवर आहे!

पण इतक्या नेमकेपणाने सांगतात कसं? शिलालेख नाही, ताम्रपट नाही. माझा हा प्रश्न बाईंना भलताच आवडला. त्यांनी सांगितलं ते असं. ओकच्या खोडात दरवर्षी एक कडं वाढतं. पावसापाण्याचं साल चांगलं गेलं की कडं जाड, वाईट गेलं की बारीक. एका भागातल्या सगळ्या झाडांवर तीच हवा, तोच पाऊस, म्हणून जाड-बारीक कड्यांचा क्रम सगळ्यांत सारखा पडतो. अभ्यासकांनी आजच्या झाडापासून सुरुवात करून मागे मागे जात, जुन्या इमारतींचे वासे जोडत, शेकडो वर्षांची अखंड जंत्री तयार केली आहे. तुळईतून पेन्सिलीएवढा बारीक दांडा पोखरून काढायचा, त्यावरची कडी मोजायची, जंत्रीशी ताडायची. सालीलगतचं शेवटचं कडं शाबूत असलं तर झाड कोणत्या वर्षी तोडलं तेही सांगता येतं. ओक तेव्हा ओला असतानाच वापरत, म्हणून झाड पडल्यावर घर उभं राहायला फार काळ लागत नसे.

आयुष्यभर कॅशबुकाची बेरीज लेजरशी ताडणाऱ्या माणसाला यापेक्षा सुंदर गोष्ट कोणती असणार? प्रत्येक झाड आपलं दैनिक रोजच्या रोज लिहितं आणि खाडाखोड करत नाही!

घराच्या मूळ मालकाचं नाव ऐकून तर मी जवळजवळ नमस्कारच केला. रॉबर्ट वुडहाउस. जीव्ह्जवाले आपले वुडहाउस नव्हेत. हा राजाच्या हिशेबखात्यातला पाद्री-कारकून, आणि तिथे चढत चढत पुढे राज्याचा खजिनदार झाला. म्हणजे लेखा विभागच! आमच्यापैकी एकाने खंदकाचं घर बांधलं होतं. आमच्या विभागात कुणी एवढं घर बांधलं असतं तर चौकशी लागली असती, ही गोष्ट वेगळी.

या जागेची कुळकथा मात्र वुडहाउसच्याही मागे जाते. हॅरोची जमीन आर्चबिशपांकडे आली तीच भांडणातून. मर्सियाचा राजा केनवुल्फ आणि कॅंटरबरीचा आर्चबिशप वुल्फ्रेड यांचं मठांच्या मालकीवरून हाडवैर. राजा मेला, पण दावा चालूच राहिला. शेवटी ८२५ साली राजाची मुलगी क्वेनथ्रिथ, जी स्वतः एका मठाची प्रमुख होती, तिने तडजोड म्हणून आर्चबिशपला जमिनी दिल्या. त्यांत हॅरो होतं. बाराशे वर्षांपूर्वीचा जमिनीचा दावा, आणि त्यात एका पिढीच्या हट्टाची भरपाई दुसऱ्या पिढीने केलेली! मला बॅगेतलं संमतीपत्र आठवलं. मी ते तितक्याच तातडीने विसरलो.

पुढे १३४४ मध्ये जॉन स्ट्रॅटफर्ड या आर्चबिशपने हे घर घेतलं. हा गृहस्थ काही साधासुधा पुजारी नव्हता. तिसऱ्या एडवर्डचा तो मुख्य कारभारी होता. १३४० च्या सुमारास फ्रान्सच्या लढाईला पैसा पुरेना, तेव्हा राजाने सगळं खापर त्याच्यावर फोडलं, आणि १३४१ साली त्याला पार्लमेंटच्या बैठकीत आत सोडेनात. स्वारी रोज दाराशी जाऊन उभी राहायची. शेवटी राजाला नमतं घ्यावं लागलं. असा माणूस तीन वर्षांनी हॅरोच्या चिखलात खंदकाचं घर घेतो, ते का, हे मला कुणी सांगण्याची गरज नाही. ऑफिसात पुरतं भाजून निघालेल्या माणसाला गावाकडे एक घर हवंसं वाटतंच.

तेव्हापासून दोनशे वर्षं ही कुंपणवाडी आर्चबिशपांची. पण मौज अशी की आर्चबिशप इथे राहत क्वचितच. त्यांची लॅंबेथला वास्तू, क्रॉयडनला वास्तू, कॅंटरबरी तर घरचंच. इथे कधी वाटेत मुक्काम पडला तर पडला. बाकी सगळे दिवस या घरात राबले ते कारभारी, खंडकरी आणि कुळं. मॅनर म्हणजे नुसतं घर नव्हे. धन्याची खासगी जमीन, कुळांची जमीन, त्यांच्याकडून घ्यायचं काम, त्यांच्याकडून घ्यायचा खंड आणि त्यांचे तंटे सोडवायचं दरबारासारखं कोर्ट, असा तो सगळा पसारा. आपल्याकडचं वतन जसं नुसता वाडा नसतं तसं.

जुन्या दिवाणखान्याचा आता थोडाच भाग शिल्लक आहे. पण तेवढ्यावरून बाईंनी सगळं उभं केलं. एक मोठी उंच खोली, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा. मधोमध जमिनीवर उघडी चूल. धुराडं नाही. धूर आपला वर जाणार, तुळयांत रेंगाळणार आणि जमेल तिथून बाहेर पडणार. एका टोकाला धन्याचं बसणं, दुसऱ्या टोकाला दारं, वारा आणि नोकरमाणसं. तिथून पलीकडे एक कोठी भाकरीची आणि एक बिअरची. सगळे त्या एकाच खोलीत जेवत आणि पुष्कळसे तिथेच झोपत.

मी भारावून ऐकत होतो. सौभाग्यवतींनी पहिल्यांदा तोंड उघडलं. ‘केर कोण काढायचं?’

बाई जरा थबकल्या. ‘काय म्हणालात?’

मी भाषांतर केलं. बाई हसल्या आणि म्हणाल्या, ‘सातशे वर्षांत हा प्रश्न फार थोड्या पुरुषांनी विचारला असेल.’

‘आणि पाणी?’ सौभाग्यवती इंग्रजीत शिरल्या. ‘हू ब्रिंगिंग वॉटर?’

यावर मात्र दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या, आणि माझं तिथे काही काम उरलं नाही.

मला ठाऊक होतं ती कुठे गेली ते. आमच्या वाड्याला दिंडी दरवाजा आहे, सागवानी खांब आहेत, माजघराच्या तुळईवर कोरलेले पोपट आहेत. मी वाड्याबद्दल बोलायला लागलो की पोपटांवर येऊन थांबतो. ती सून म्हणून त्या घरात आली तेव्हा नळ नव्हता. सकाळी पाचाला रहाटावर पाणी, सोळा माणसांचं. ‘तुम्हाला पोपट दिसतात,’ ती एकदा मला म्हणाली होती, ‘मला विहीर दिसते.’ संमतीपत्र आलं तेव्हा घरात ज्या व्यक्तीने सर्वांत आधी ‘करून टाका सही’ म्हटलं, ती तीच.

घराशेजारी एक धान्याची वखार आहे. तिला ते ग्रेट बार्न म्हणतात. आर्चबिशप वॉरमच्या काळात, १५०६ साली बांधलेली. लांबी त्रेचाळीस मीटर. एसटीच्या तीन गाड्या एकीमागे एक आरामात उभ्या राहाव्यात, एवढी. आत शिरलं की देवळात शिरल्यासारखं वाटतं. खांबांच्या दोन रांगा, वर उलट्या ठेवलेल्या होडीसारखं छप्पर, आणि शांतता. मूळ घर याच्यापुढे खोपटं वाटतं. ‘माणसांपेक्षा दाण्यांना घर मोठं,’ सौभाग्यवती म्हणाल्या. मॅनरच्या अर्थशास्त्रावर मी नंतर पुस्तकात बरंच वाचलं, पण याहून जास्त काही कळलं नाही. आजकाल या वखारीत लोकांची लग्नं लागतात.

आर्चबिशपांची सद्दी १५४६ मध्ये संपली. आठव्या हेन्रीने मठ बुडवले, देवस्थानांच्या जमिनी गिळल्या, आणि त्या धामधुमीत क्रॅनमरकडून हॅरोही घेतलं. घेतलं आणि जवळजवळ त्याच पावली विकलं. कुणाला? एडवर्ड नॉर्थला. हा नॉर्थ कोण? तर जप्त केलेल्या मठांच्या मालमत्तेचा कारभार पाहण्यासाठी राजाने जे खातं उघडलं होतं, त्या खात्याचा वरिष्ठ अधिकारी! लिलाव पुकारणाराच बोली लावून गेला. इथे मात्र मी वुडहाउसला जसा नमस्कार केला तसा केला नाही. विभाग तोच असला तरी काही बंधनं पाळावी लागतात.

पुढची गोष्ट पुष्कळ मालकांची आणि थोडक्यात सांगण्यासारखी. सतराव्या शतकात सायमन रूस नावाच्या मालकाने घर हौसेने सजवलं. यादवी युद्धात त्याने राजाची बाजू धरली. राजाचं मुंडकं गेलं आणि रूसचं घर गेलं. मग आणखी मालक, आणि त्यांचे आणखी भाडेकरू. जुन्या दिवाणखान्याचा बराचसा भाग कुणीतरी कधीतरी उतरवला. पुढून विटा आल्या. आत नव्या भिंती पडल्या, चुलीला धुराडं मिळालं. आर्चबिशपांचं घर झालं मोट फार्म, म्हणजे खंदकाची शेती, आणि त्यात आपले शेतकरी राहू लागले.

मला वाटतं, हे घर वाचलं ते यामुळेच. खरा श्रीमंत माणूस जुन्या घरात राहत नाही. तो ते पाडतो आणि नव्या तऱ्हेचं बांधतो. इथला मालक नेहमी दुसरीकडे राहायचा, आणि जो राहायचा त्याच्यापाशी पाडून बांधण्याइतका पैसा नव्हता. गळलं तिथे कौल, कुजलं तिथे ठिगळ, एवढंच त्याला परवडे. चारचौघांत लाज वाटली तेव्हा त्याने विटांचं जाकीट घातलं, आतलं अंग तसंच ठेवून. अभिमानाने हे घर कुणी जपलं नाही. नाइलाजाने जपलं. संग्रहालयातल्या पाटीवर हे असं लिहीत नाहीत, पण तुळयांवरची ठिगळं मोजली तर तेच निघतं.

विसाव्या शतकात आली आगगाडी. म्हणजे आगगाडी आधीच आली होती, पण तिच्या मागून घरं आली. मेट्रोपॉलिटन रेल्वेने १९१५ मध्ये ‘मेट्रोलँड’ असं गोंडस नाव काढून हा सगळा शेतीचा टापू लंडनच्या कारकुनांना विकायला काढला. हवा शुद्ध, गाडी दर थोड्या वेळाने, घर हप्त्यावर. आम्ही जो पिनर व्ह्यू चालत आलो तो या लाटेतलाच. चिरंजीवांचं घरही त्यातलंच. या लाटेत ही कुंपणवाडी बुडायचीच. पण १९२५ मध्ये हेंडनच्या ग्रामीण मंडळाने ती विकत घेतली. इतिहासाच्या प्रेमाने नव्हे हो! लोकांना खेळायला मैदान हवं होतं. मैदानाबरोबर घर, वखार आणि बदकं आली.

आता माझ्या मनाला खरा दिलासा कुठे मिळाला ते सांगतो. मंडळाने घर घेतलं १९२५ साली. वखार दुरुस्त झाली १९७३ साली. त्या वखारीत हॅरोचं संग्रहालय उघडलं १९८६ साली. १९९१ मध्ये पिनर पार्क फार्मवरची एक जुनी धान्यकोठी सुटी करून इथे आणून पुन्हा जोडली. आणि मुख्य घराची सगळी डागडुजी होऊन, लॉटरीच्या निधीतून मिळालेल्या पैशांवर, दारं नीट उघडली ती २०१७ च्या डिसेंबरात. घेतल्यापासून ब्याण्णव वर्षं! लाल फीत ही आपल्याच हवेत वाढते असा माझा समज होता. तो गळून पडला. पण फरक एक होता. ब्याण्णव वर्षांत कुणीतरी ती फाइल बंद केली नाही.

वरच्या खोल्यांतून हॅरोचा पुढचा संसार मांडला आहे. इथे १८९१ मध्ये कोडॅकचा कारखाना निघाला. फिल्म आणि फोटोचा कागद इथून जगभर जाई. तो २०१६ साली बंद झाला. व्हाइटफ्रायर्स नावाचा काचेचा कारखाना १९२३ साली लंडनच्या मधल्या भागातून शेजारच्या वील्डस्टोनला आला, आणि १९८० साली त्याचीही भट्टी विझली. आर्चबिशप, राजे आणि सरदार खालच्या मजल्यावर सोडून इथे वर आलं की कामगारांचं हॅरो दिसतं, आणि मला तर तेच जास्त जवळचं वाटलं.

आमच्या वाड्याच्या चौकात काढलेला एक फोटो आहे. आजोबा खुर्चीत, भोवती सगळं गणगोत, मी कुणाच्या तरी कडेवर रडतोय. त्या फोटोच्या पाठीवर कोडॅकचं नाव आहे. तो कागद हॅरोतूनच आला होता असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. पुरावा नाही. पण एवढ्या मोठ्या दुपारी माणसाने एवढं तरी आपलं म्हणून घ्यावं.

निघताना बाईंनी सहज विचारलं, ‘तुमच्याकडे आहे का असं जुनं घर?’

‘आहे,’ मी म्हणालो. ‘दीडशे वर्षांचं. सागवानी.’

‘आणि अजून तुमच्याच घराण्यात?’ त्यांचे डोळे चमकले. ‘कोण राहतं?’

‘पारवे,’ मी म्हणालो.

‘आता काय करणार त्याचं?’

मी खंदकाकडे पाहिलं. उत्तर सौभाग्यवतींनी दिलं. ‘पाडणार.’

बाईंनी उपदेश केला नाही, हळहळल्या नाहीत. नुसती मान हलवली आणि म्हणाल्या, ‘लाकूड मोजून घ्या हं आधी. एकदा गेलं की विचारायला कुणी राहत नाही.’

घरी येईपर्यंत कुणी फार बोललं नाही. नातवाने चित्र दाखवलं. त्यात हॅरोची सर्वांत जुनी वस्तू म्हणून एक बदक होतं. शिक्षिकांनी पुढे त्याला शेरा काय दिला ते मी विचारलं नाही.

रात्री मी चिरंजीवांच्या संगणकावर शोधाशोध केली. सागाच्या खोडातही वर्षागणिक कडी उमटतात, आणि आपल्या पुण्यात, पाषाणला, उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत त्या कड्यांवरून जुन्या काळच्या पावसाचा अभ्यास झालेला आहे. म्हणजे आमच्या वाड्यापासून फार लांब नाही! आमच्या तुळयांत कोणत्या दुष्काळाची बारीक कडी असतील कोण जाणे. तो कोणत्या रानातला साग, कोणी तोडला, आजोबांच्या आजोबांनी तो कुठून आणला, हे सांगणारं माणूस आता घराण्यात नाही. तुळई कदाचित सांगेल.

दुसऱ्या दिवशी दादांचा फोन आला तेव्हा मी हे सगळं त्यांना सांगितलं. १३१० पासून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘मग तुझं म्हणणं काय?’

‘एवढंच, की पाडायच्या आधी माजघराच्या तुळईला एक बारीकसं भोक पाडून घेऊ. पेन्सिलीएवढं.’

फोनमध्ये क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग दादा म्हणाले, ‘अरे, आपण अख्खा वाडा पाडतोय. तू भोकाचं काय घेऊन बसलास?’

याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. मी सांगितलं की उच्चायुक्तालयातली वेळ पुढच्या गुरुवारची मिळाली आहे, आणि फोन ठेवणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला.

‘दादांना सांगा, विहिरीवरचा रहाट काढून बाजूला ठेवा म्हणावं.’

मी वळून पाहिलं. ती पाठमोरी भाजी चिरत होती.

‘तो कशाला?’

‘ठेवा म्हणावं,’ ती म्हणाली.